विश्लेषण : पोकर स्पर्धेत पैसे कुठे बुडतात? हातातली दोन पाने आणि पहिल्या बेटचा हिशेब

मिठबावला आजोळी गणपतीत रात्रीचे भजन आटोपले, मंडळींचे उसळ-पाव आणि चहा झाला की ओटीवर पत्त्यांचा कॅट निघतो. झब्बू, मेंढीकोट, बदाम सात, पाच-तीन-दोन असे पहाटेपर्यंत चालते. यंदा त्यात पोकरची भर पडली. ठाण्याहून आलेला मामेभाऊ दोन वर्षे मोबाइलवर पोकर खेळत होता. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणाऱ्या कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, कंपन्यांनी लगोलग पैशांची टेबले बंद केली आणि २७ तारखेला गणपती बसले. दादाचे म्हणणे असे की मोबाइल बंद झाला तर काय, पणजी इथून गाडीने तीनेक तासांवर आहे. तिथल्या कॅसिनोत स्पर्धा होतात. वीस हजार बाजूला काढले आहेत. ‘तू इंजिनीअर ना, जरा हिशेब करून दे.’

चिप्स म्हणून काजूच्या बिया घेतल्या आणि बसलो. पहिल्याच तासात दादाच्या बिया संपल्या. मामा सुपारी कातरत बघत होता. त्याला पोकरमधले काही कळत नाही, पण तो एवढेच म्हणाला, ‘मेल्या, आधी पानां टाकूक शिक.’ पुढचे सगळे विश्लेषण म्हणजे खरे तर मामाच्या या वाक्याचे गणित आहे.

खेळ नेमका कसा असतो?

स्पर्धांमध्ये बहुतेक वेळा टेक्सास होल्डेम हा प्रकार खेळतात. प्रत्येकाला दोन पाने मिळतात, ती फक्त त्याला दिसतात. मग टेबलावर सर्वांसाठी सामाईक पाच पाने उघडतात, आधी तीन, मग एक, मग आणखी एक. या सातांतून सर्वोत्तम पाच ज्याची, त्याचा डाव. पहिल्या तीन सामाईक पानांना फ्लॉप म्हणतात. ती उघडण्याआधी, फक्त दोन पाने बघून जी बोली लागते ती प्री-फ्लॉप. तीन पत्ती खेळणाऱ्यांना यातले बरेच ओळखीचे वाटेल. पॅक करणे म्हणजे इथले फोल्ड. तीन पत्तीत सगळे बूट लावतात, इथे मात्र दोघांनाच न बघता पैसे लावावे लागतात. त्यांना स्मॉल ब्लाइंड आणि बिग ब्लाइंड म्हणतात. हल्लीच्या स्पर्धांत बिग ब्लाइंडवाला सगळ्या टेबलाच्या वतीने आणखी एक रक्कम टाकतो, ती अँटे.

म्हणजे पाने वाटली जाताच, कुणी काही बोलण्याआधी, मधे अडीच बिग ब्लाइंड पडलेले असतात : अर्धा, एक आणि एक. पुढचा सगळा हिशेब या अडीचभोवती फिरतो, त्यामुळे हा आकडा लक्षात असू द्या.

चांगली पाने म्हणजे कोणती?

५२ पानांतून दोन पानांचे १,३२६ वेगवेगळे हात होतात. रंगांचे फरक बाजूला ठेवले तर प्रकार १६९. एक्क्यांची जोडी २२१ डावांत सरासरी एकदा येते, कुठलीही जोडी १७ डावांत एकदा. दश्शी किंवा तिच्यावरची जोडी, एक्का-राजा आणि एक्का-राणी एवढेच मोजले तर हात होतात ६२, म्हणजे शेकडा पाचाहून थोडे कमी. चांगली पाने वाट बघायला लावतात ती अशी. नऊ जणांच्या टेबलावर तासाला तीसेक डाव होत असतील तर असा हात तासाभरात एखाद-दुसऱ्या वेळीच दिसणार.

माणसाला एवढा वेळ गप्प बसवत नाही. मग राजा-गुलाम ‘बरी पाने’ वाटू लागतात, एक्क्याबरोबर सत्ती आली तरी ‘एक्का आहे ना’ म्हणून पैसे जातात. दादाच्या बिया तिथेच गेल्या. दोन्ही पाने एकाच रंगाची असली की तर त्याला राहवत नसे. प्रत्यक्षात इस्पिकची दोन पाने हातात असताना फ्लॉपवरच आणखी तीन इस्पिक येण्याची शक्यता ११८ वेळांत एकदा आहे. एकच रंग असण्याने जिंकण्याची शक्यता वाढते ती दोन-तीन टक्क्यांनी. फायदा आहे, पण जो हात मुळात वाईट आहे त्याला तो चांगला करत नाही.

त्याहून महाग पडते ते दबलेले पान. तुमच्याकडे एक्का-गुलाम, समोरच्याकडे एक्का-राणी. सगळे पैसे मधे गेले तर तुम्ही चारांतून जेमतेम एकदा जिंकता. गंमत म्हणजे एक्का उघडला तर तुम्हाला आनंद होतो आणि त्याच आनंदात तुम्ही आणखी पैसे घालता. उलट दुर्रीची जोडी आणि एक्का-राजा समोरासमोर आले तर सामना जवळपास बरोबरीचा, ५२ विरुद्ध ४८. दिसायला एक्का-गुलाम दुर्रीच्या जोडीहून कितीतरी भारदस्त. पण ‘दिसायला’ कसा आहे यापेक्षा समोरचा कोणत्या हाताने पैसे लावेल आणि त्यापुढे आपला हात कुठे उभा आहे, हा प्रश्न विचारायचा असतो.

तोच हात, जागा वेगळी

एकच हात कधी खेळायचा आणि कधी टाकायचा, हे टेबलावर तुम्ही कुठे बसला आहात यावर ठरते. नऊ जणांत पहिली बोली तुमची असेल तर मागे आठ जण बोलायचे आहेत. वर सांगितलेल्या ६२ हातांपैकी एखादा या आठांत कुणाकडे तरी असण्याची शक्यता साधारण ३२ टक्के. बटणाच्या जागी, म्हणजे पाने वाटणाऱ्याच्या मानाच्या जागी, तुमच्या मागे फक्त दोन ब्लाइंडवाले उरतात. तिथे हीच शक्यता नऊ टक्क्यांवर येते. शिवाय फ्लॉपनंतर बटणवाला शेवटी बोलतो, बाकीच्यांनी काय केले ते बघून.

म्हणून अनुभवी खेळाडू पहिल्या जागेवरून शंभरात बारा-पंधरा हातच खेळतात आणि बटणावरून, आधीचे सगळे पॅक झाले असतील तर, चाळीस किंवा त्याहून जास्त. राजा-गुलाम वेगवेगळ्या रंगांचे असतील तर पहिल्या जागी टाकायचे, बटणावर बिनधास्त वाढवायचे. नवख्या खेळाडूचे उलट असते. तो सगळीकडून सारखेच हात खेळतो. सुधारणा करायची तर पहिले काम हेच, आणि त्यासाठी काही पाठ करावे लागत नाही. पुढच्या शंभर डावांत पहिल्या तीन जागांवरून आपण किती वेळा पैसे घातले ते वहीत लिहा. आकडा पाहून धक्का बसेल.

बोली किती वाढवायची?

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. खेळायचे ठरले की नुसते ब्लाइंडएवढे पैसे टाकून आत शिरायचे नाही, वाढवायचे. नुसते शिरलात तर मधले अडीच ब्लाइंड तिथल्या तिथे मिळण्याची संधी हुकते आणि बिग ब्लाइंडवाल्याला फुकटात फ्लॉप बघायला मिळतो. मग वाढवायचे किती?

समजा बोली २.२ बिग ब्लाइंड केली. मधे अडीच आहेत. २.२ लावून अडीच मिळवायचे, म्हणजे ४.७ पैकी २.२, सुमारे ४७ टक्के वेळा सगळे पॅक झाले तरी पानांशिवायच बरोबरी होते. हीच बोली तीन केली तर साडेपाचांपैकी तीन, म्हणजे ५५ टक्के वेळा सगळ्यांनी पॅक व्हायला हवे. जास्त लावले म्हणजे समोरचा जास्त घाबरेल हे खरे, पण प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाची किंमतही वाढते. अँटे नसेल तर मधे दीडच पडलेले असतात आणि २.२ च्या बोलीला ६० टक्के यश लागते. म्हणून अँटे सुरू झाला की चोरीला, म्हणजे साध्या पानांवर बोली वाढवण्याला, मोल येते.

आता टेबलाच्या पलीकडून बघा. बिग ब्लाइंडवाल्याचा एक आधीच आत आहे. २.२ च्या बोलीला त्याला आणखी १.२ घालायचे आहेत आणि मधे ४.७ आहेत. त्याला जिंकण्याची २० टक्के शक्यता पुरते. बोली तीन असेल तर २७ टक्के लागते. छोट्या बोलीला बिग ब्लाइंडवरून बऱ्याच हातांनी उत्तर देता येते ते यामुळे. आणि तिथून पॅक करत राहणारा खेळाडू नकळत दर फेरीला पैसे सोडत असतो. ‘पानां टाकूक शिक’ या मामाच्या नियमाला एवढा एक अपवाद.

दादाची आणखी एक खोड दुसऱ्या रात्री कळली. हात साधा असेल तर तो दोन बिया लावायचा, राजाची जोडी आली की पाच. तिसऱ्या डावानंतर शेजारच्या काकूंनाही ते समजले. त्याने पाच लावले की सगळे पॅक. मोठा हात वर्षानुवर्षे वाट बघून यावा आणि त्यात अडीच बियाच मिळाव्यात! बोलीचा आकार पानांवरून ठरवायचा नाही, जागेवरून आणि चिप्सच्या साठ्यावरून ठरवायचा. पाने कोणतीही असोत, त्या जागेवरून आकडा एकच.

आपल्या आधी कुणी वाढवले असेल आणि आपल्याला त्यावर वाढवायचे असेल, तर आपण त्याच्या नंतर बोलणार असू तेव्हा त्याच्या बोलीच्या साधारण तिप्पट, आधी बोलणार असू तेव्हा चौपट. यापेक्षा जास्त तपशिलात नवख्याने शिरू नये.

चिप्स तेवढ्याच, पण साठा आटतो

स्पर्धा आणि रोखीचा खेळ यांत मोठा फरक हा की स्पर्धेत ब्लाइंड ठरावीक मिनिटांनी वाढत जातात. सुरुवातीला तुमच्याकडे २०,००० चिप्स आणि बिग ब्लाइंड २००, म्हणजे साठा शंभर ब्लाइंडचा. काही तासांनी बिग ब्लाइंड २,००० झाला आणि तुमच्याकडे तेच २०,००० असतील तर साठा दहाचा. एक चिप न गमावता तुम्ही गरीब झालात. दर फेरीला अडीच ब्लाइंड जातात, म्हणजे अजून चार फेऱ्यांची शिदोरी. डॅन हॅरिंग्टन यांच्या पुस्तकांनी हा ‘किती फेऱ्या टिकू’ आकडा एम या नावाने जगभर पोहोचवला. बॅकगॅमनचे विख्यात खेळाडू पॉल मॅग्रिएल यांच्या आडनावाचे ते आद्याक्षर.

हाताची किंमत या साठ्याबरोबर बदलते. पंजीची जोडी घ्या. फ्लॉपवर तिसरी पंजी येण्याची शक्यता १२ टक्के, साडेआठ वेळांत एकदा. ती आली नाही तर हात बहुधा टाकावा लागणार. २.२ ब्लाइंड घालून ही वाट बघायची तर जेव्हा ती येईल तेव्हा सरासरी १६-१७ ब्लाइंड तरी हाती लागायला हवेत. साठा शंभरचा असताना ते जमते. वीसचा असताना जमवायचे म्हणजे समोरच्याने जवळजवळ सगळेच द्यायला हवे.

आणि दहाच्या साठ्यावर बोली २.२ करून मग पॅक करणे हा शुद्ध तोटा. तिथे पर्याय दोनच, सगळे लावा किंवा टाका. उदाहरण घ्या. तुम्ही बटणावर, साठा दहा, सगळे पॅक झालेत. तुम्ही ऑल-इन जाता. समजा दोघेही ब्लाइंडवाले ७० टक्के वेळा पॅक होतात : ०.७ गुणिले २.५, म्हणजे १.७५ चा फायदा. उरलेल्या ३० टक्के वेळा कुणीतरी चांगल्या पानांनी आव्हान देतो आणि तुम्ही ३८ टक्केच जिंकता. मधे साधारण साडेएकवीस, त्यातला तुमचा वाटा ८.२, लावले होते दहा, म्हणजे १.८ चा तोटा, आणि तो ३० टक्के वेळा, म्हणून ०.५५. बेरीज-वजाबाकी करून दर प्रयत्नाला सुमारे १.२ ब्लाइंड फायदा. हात वाईट असूनही. इंजिनीअरिंगच्या एम-फोरच्या पेपरात अपेक्षित मूल्य शिकताना कुणी हे उदाहरण दिले असते तर माझे गुण वाढले असते.

बक्षिसाच्या उंबरठ्यावर गणित का फिरते?

२०२४ च्या लास व्हेगासमधल्या वर्ल्ड सीरिजच्या मुख्य स्पर्धेत १०,११२ नोंदण्या होत्या आणि साधारण १५ टक्क्यांच्या हाती काही रक्कम पडली. उरलेले ८५ टक्के रिकाम्या हाताने गेले. त्यामुळे बक्षिसे सुरू होण्याच्या थोडे आधी खेळ एकदम आकसतो. त्यामागे भीतीइतकेच गणितही आहे.

तीन जण उरलेत, तिघांकडे सारख्या चिप्स. बक्षिसे ५०, ३० आणि २० हजार. या क्षणी प्रत्येकाच्या जागेची किंमत ३३,३३३ रुपये. पहिल्याने दुसऱ्याला ऑल-इनमध्ये हरवले. दुसरा २० हजार घेऊन बाहेर. पहिल्याच्या चिप्स दुप्पट झाल्या, पण त्याची किंमत दुप्पट होत नाही. ती होते ४३,३३३. काहीच न करणाऱ्या तिसऱ्याची किंमत मात्र ३६,६६७ वर गेली. म्हणजे जिंकलो तर दहा हजारांचा फायदा, हरलो तर १३,३३३ चा तोटा. असा सामना स्वीकारायचा तर जिंकण्याची शक्यता ५७ टक्क्यांहून जास्त हवी. मघाचा दुर्रीची जोडी विरुद्ध एक्का-राजा, ५२-४८ वाला सामना इथे दोघांनाही नुकसानीचा, आणि फायद्यात बसून राहिलेला तिसरा.

हे सूत्र आले घोड्यांच्या शर्यतीतून. डेव्हिड हारविल यांनी १९७३ मध्ये ते शर्यतीसाठी मांडले, पुढे मेसन मालमथ यांनी पोकरच्या बक्षिसांना लावले. त्यातून निघणारी चाल साधी आहे : उंबरठ्यावर स्वतः पहिल्यांदा ऑल-इन जाणे परवडते, दुसऱ्याच्या ऑल-इनला उत्तर देणे महाग पडते. आणि ज्याच्याकडे चिप्सचा ढीग आहे त्याला सगळ्यांना छळता येते.

हे सगळे शिकलो तर पैसे मिळतील?

दादाचा खरा प्रश्न हा होता. २०२४ मध्ये भारताच्या संतोष सुवर्णा यांनी वर्ल्ड सीरिजमधली अडीच लाख डॉलर प्रवेशशुल्काची स्पर्धा जिंकून ५४ लाखांवर डॉलर मिळवले. २०१८ मध्ये निकिता लूथर जोडीच्या स्पर्धेत ब्रेसलेट जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली. अशा बातम्या मोबाइलवर येतात, आम्हीच देतो. पण हिशेब असा मांडा. वीस हजारांच्या वीस स्पर्धा खेळलात, चार लाख गेले. सतरांत काही नाही, तिनांत मिळून पाच लाख मिळाले. खेळाडू म्हणून तुम्ही चांगले आहात, लाखभर फायद्यात. आता कर. अशा जिंकलेल्या रकमेवर सपाट ३० टक्के, सेस धरून ३१.२. त्यातून खर्च वजा होत नाही आणि हरलेल्या स्पर्धांचा तोटा वळता करता येत नाही. पाच लाखांवर स्थूलमानाने १ लाख ५६ हजार. म्हणजे फायदा नव्हे, ५६ हजारांचा खड्डा. आयोजकांचा वाटा प्रवेशशुल्कातूनच कापला जातो तो वेगळा. कॅसिनोतल्या खेळांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून ४० टक्के झाला आहे. पणजीतला मुक्काम, पेट्रोल, जेवण धरलेच नाही.

त्यात री-एन्ट्री. बाद झाल्यावर पुन्हा तेवढेच पैसे भरून बसता येते. वीस हजारांची स्पर्धा चाळीस, साठची होते ती रात्री अकरा वाजता, चिडलेल्या डोक्याने. आणि एका स्पर्धेच्या निकालावरून आपण सुधारलो की नाही हे कळत नाही. एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीपुढे ८२ टक्के जिंकते, म्हणजे साडेपाच वेळांत एकदा हरते, आणि ती वेळ तुमच्या पहिल्याच स्पर्धेत येऊ शकते.

कायदा काय म्हणतो?

नवा केंद्रीय कायदा ऑनलाइन खेळांपुरता आहे. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, बंदी दोन्हींवर. त्याविरुद्धच्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे वर्ग करून घेतल्या आहेत. पोकर कौशल्याचा की नशिबाचा यावर उच्च न्यायालयांत एकमत नाही. गुजरातने २०१७ मध्ये तो नशिबाचा ठरवला, अलाहाबादने २०२४ मध्ये कौशल्याचा. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा अजून लागू आहे, त्यामुळे गावात पैसे लावून पट मांडला तर पोलिसांचा छापा पडू शकतो. गोव्यात १९७६ च्या कायद्यात १९९० च्या दशकात झालेल्या दुरुस्त्यांनी पंचतारांकित हॉटेले आणि जहाजांवरच्या कॅसिनोंना वाट मिळाली. मांडवीतल्या डेल्टिन रॉयल या जहाजावर २०१७ मध्ये वर्ल्ड पोकर टूरची भारतातली पहिली स्पर्धा झाली. तिथे प्रवेशाचे किमान वय २१. खेळणे हाताबाहेर जात आहे असे वाटले तर टेलि-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मोफत बोलता येते.

जाता जाता, सिंधुदुर्गाला पत्ते नवे नाहीत. सावंतवाडीची हाताने रंगवलेली गोल गंजिफा याच जिल्ह्यातली. दशावतारी गंजिफेत १२० पाने असतात, दहा अवतारांची प्रत्येकी बारा. त्या कॅटवर पोकर खेळायचा तर वरचे सगळे आकडे नव्याने मांडावे लागतील.

गौरी-गणपतीचे विसर्जन होईपर्यंत आम्ही रोज बियांची एक स्पर्धा खेळलो. दादाने दुसऱ्या रात्रीपासून वही घातली. डाव, जागा, दोन पाने, काय केले. शेवटच्या रात्री तो चौथा बाद झाला, म्हणजे जिंकला नाहीच, पण पहिल्या जागेवरून खेळलेले हात निम्म्याहून कमी झाले होते. डिसेंबरात तो पणजीला जाणार आहे. वहीच्या पहिल्या पानावर त्याने लिहिले आहे : वीस हजार, एकदाच, री-एन्ट्री नाही. खाली मामाची सही घेतली आहे.